पोरांनी चालवलेला रेडिओ

रेडिओ तुम्ही ऐकला असेल. रेडिओवर बोलायचे म्हणजे सरकारी केंद्र हवे, मोठी शिकलेली माणसे हवीत, असे आपल्याला वाटते. पण अमेरिकेत कॉलेजातल्या पोरांनी स्वतःचाच रेडिओ उभा केला. कसा, ते सांगतो.

अमेरिकेत प्रॉव्हिडन्स नावाचे शहर आहे. तिथे ब्राउन विद्यापीठ आहे. १९३६ साली तिथे जॉर्ज अब्राहम आणि डेव्हिड बोर्स्ट हे दोघे विद्यार्थी होते. त्यांनी राहत्या खोल्यांमधून तारा ओढल्या. एका खोलीत गाण्याची तबकडी लावली की दुसऱ्या खोलीत ऐकू येई. हळूहळू आणखी मुले त्यात आली.

मी हेडमास्तर होतो तेव्हा शाळेचा रेडिओ कपाटात असे आणि किल्ली माझ्या खिशात. एका मुलाने तो उघडून आत पाहिले, म्हणून मी त्याला दिवसभर बाकावर उभे केले होते. ते आठवले की आता बरे वाटत नाही.

तर या मुलांनी पुढे एक युक्ती केली. अगदी कमी ताकदीच्या रेडिओच्या लहरी तारांत सोडल्या. तारेजवळ साधा रेडिओ ठेवला की आवाज येई. लांब नेला की बंद! पाटाच्या पाण्याने काठची जमीन ओली होते, लांबची कोरडीच राहते, तसेच हे. पण कॉलेजापुरते तेवढे पुरे होते. बोलणारी मुलेच, गाणी निवडणारी मुलेच, यंत्र बिघडले तर खटपट करणारीही मुलेच.

ही युक्ती दुसऱ्या कॉलेजांतही गेली. १९४० साली अशा कॉलेजांनी मिळून एक संघ काढला.

१९६६ साली ब्राउनच्या मुलांचा रेडिओ तारेतून सुटला आणि हवेतून साऱ्या शहरात ऐकू येऊ लागला. त्याचे नाव डब्ल्यूबीआरयू. जाहिराती मिळवायच्या, हिशेब ठेवायचा, हेही मुले तिथेच शिकली. दर रविवारी तिथल्या काळ्या लोकांसाठी खास कार्यक्रम असे. त्यांची गाणी, त्यांची सुखदुःखे त्यात येत. शहरातली कितीतरी घरे त्यासाठी रविवारची वाट पाहत. माझ्या मते, त्या रेडिओचे सगळ्यात मोठे काम हेच.

पुढे लोक इंटरनेटवर गाणी ऐकू लागले. जाहिरातींचा पैसा आटला. २०१७ साली रेडिओची हवेतली जागा विकायची ठरली. जुन्या विद्यार्थ्यांत यावरून मोठा वाद झाला. काहींना वाटे, पैसा घेऊन नवे काही करावे. काही म्हणत, एकदा गेलेली जागा परत मिळायची नाही. शेवटी ती ५६ लाख डॉलरहून जास्त किमतीला विकली गेली.

मुलांनी इंटरनेटवर कार्यक्रम चालू ठेवले. पण ज्यांच्या घरी साधाच रेडिओ होता, त्यांनी त्या जुन्या आकड्यावर काटा लावला तेव्हा दुसऱ्याच संस्थेची भक्तिगीते ऐकू आली.