तेलाची विहीर आणि तेलाची वाट

घरांत वर्षाचें धान्य भरलेलें असलें म्हणजे वाण्याशीं झालेला खटका फारसा जाणवत नाहीं. रोजचा शिधा त्याच्याच दुकानांतून येत असला म्हणजे मात्र बोलणेंहि जपून करावें लागतें. राष्ट्रांचेंहि असेंच आहे. परकीय इंधनावरील भिस्त राष्ट्राच्या सुरक्षिततेला कोठें नेते, याचें जपानइतकें स्पष्ट उदाहरण दुसरें क्वचितच सांपडेल.

जपानांत तेल अगदींच नव्हतें असें नाहीं. निइगाता व आकिता या प्रांतांत कांहीं विहिरी होत्या. पण त्यांचें उत्पन्न देशाच्या गरजेच्या दहाव्या हिश्श्यालाहि पुरत नसे. बाहेरून येणाऱ्या तेलाचा सुमारें चार पंचमांश वाटा अमेरिका पुरवी. म्हणजे ज्या राष्ट्राला प्रमुख प्रतिस्पर्धी मानून जपानी आरमार बांधलें जात होतें, त्याच राष्ट्राच्या तेलावर तें चालत होतें! टोकियोंतील मुत्सद्द्यांना ही विसंगति दिसत होती. परंतु चीनमधील युद्ध थांबविण्याची त्यांची तयारी नव्हती.

जुलै १९४१ मध्यें जपानी सैन्य फ्रेंच इंडोचायनाच्या दक्षिण भागांत उतरलें. अमेरिकेनें जपानची आपल्याकडील मालमत्ता गोठविली, आणि ऑगस्टपासून तेलाची निर्यात बंद पडली. ब्रिटन व डच सरकार यांनींहि तोच मार्ग धरला. जपानच्या टाक्यांतील सांठा शांततेच्या काळांत सुमारें २ वर्षें, युद्धांत सुमारें दीड वर्ष पुरणारा होता. यापुढें धोरण ठरविण्याचें काम मुत्सद्द्यांपेक्षां टाक्यांतील उतरती पातळीच करूं लागली. आरमार तासाला ४०० टन तेल जाळीत आहे, याची जाणीव ॲडमिरल नागानो यांनीं ऑक्टोबरांत सहकाऱ्यांना करून दिली. वाटाघाटींत गेलेला प्रत्येक आठवडा लढण्याची ताकद कमी करीत होता. सबब थांबणें म्हणजेच हरणें, असा हिशेब मांडला गेला. डिसेंबरांत पर्ल हार्बरवर बाँब पडले. नवल असें कीं, तेलासाठीं युद्धांत उतरलेल्या या वैमानिकांनीं तेथील तेलाच्या प्रचंड टाक्या तशाच सोडल्या.

फेब्रुवारी १९४२ मध्यें सुमात्रांतील पालेंबांग जपाननें घेतलें. बोर्निओच्या विहिरींवरहि त्याचा ताबा बसत गेला. कागदावर प्रश्न सुटला. पण विहीर व घर यांच्यामध्यें सुमारें ३,००० सागरी मैलांचें पाणी होतें. मे महिन्यांत तेलक्षेत्रांकडे तंत्रज्ञ घेऊन निघालेलें 'ताइयो मारू' हें जहाज अमेरिकन पाणबुडीनें बुडविलें, आणि शेंकडों माणसें गेलीं. पुढें तेलवाहू जहाजांचीच पाळी आली. तेल निघे, परंतु तें जपानला पोंचत नसे. १९४४ सालीं मोठ्या युद्धनौका तेलाजवळ असाव्या म्हणून सिंगापूरनजीकच्या लिंगा बेटांपाशीं ठेवाव्या लागल्या. विमानवाहू जहाजें मात्र नवे वैमानिक तयार करण्यासाठीं मायदेशीं राहिलीं. शत्रूनें लढाई देण्यापूर्वींच आरमार असें दुभंगलें. शिकाऊ वैमानिकांच्या उड्डाणाचे तासहि पेट्रोलअभावीं घटत गेले.

१९४५ च्या वसंतांत आयात जवळजवळ थांबली. तेव्हां खेड्यापाड्यांतील लोक व शाळकरी मुलें डोंगरांवर जाऊन पाइन झाडांचीं मुळें खणूं लागलीं. २०० मुळांच्या तेलावर एक विमान तासभर उडेल, असें त्यांना सांगितलें जाई. मुळांचे ढीग रस्त्याकडेला रचले गेले. त्यांतून विमानाजोगें तेल मात्र फारसें निघालें नाहीं.

१९७३ च्या तेलसंकटानंतर जपाननें १९७५ सालीं कायदा करून तेलकंपन्यांवर सांठा ठेवण्याचें बंधन घातलें, आणि पुढें सरकारी टाक्याहि बांधल्या. विहिरी आजहि परक्यांच्याच आहेत. टाक्यांतील महिने तेवढे वाढले आहेत.