टेबलामागची ताई आणि तिचा संघ

आज बचत नाही, कर्ज नाही, पापड-लोणचंही नाही. आज आपण ग्रंथपालांच्या संघाबद्दल बोलणार आहोत. त्याचा आपल्याशी काय संबंध, असं म्हणाल. सांगतो.

आमच्या गटातल्या एक ताई गावचं वाचनालय सांभाळतात. दोन खोल्या, सहा कपाटं, एक पंखा. महिन्याभरापूर्वी त्यांना निरोप आला की जिल्हा ग्रंथालय संघाच्या कार्यकारिणीत बाई हवी आहे, तुम्ही उभ्या राहा. पुढे विभागीय संघावरही जाता येईल. ताई आम्हाला म्हणाल्या, "नको गं बाई. मला भाषण येत नाही." आम्हीही तेव्हा गप्प बसलो. संघ म्हणजे नक्की काय काम, हे आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं?

आधी पैशाचं बघू, म्हणजे विषय लवकर कळेल. आपल्या राज्यात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्याखाली ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. सर्वांत लहान ते 'ड' वर्गाचं, आपल्या गावात बहुधा तेच असतं. त्याला वर्षाला ३०,००० रुपये अनुदान मिळायचं. दहा वर्षं तोच आकडा होता. २०२२-२३ पासून ६० टक्के वाढ मिळून ते ४८,००० झालं. त्यातली साधारण निम्मी रक्कम पगारासाठी, उरलेल्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल. आता भागाकार करा. २४,००० भागिले १२. त्या वाढीनंतर ग्रंथपाल ताईंचा पगार झाला महिना २,०००. वाढीच्या आधी १,२५०. त्यातही अनुदान येतं हप्त्यांनी, तेव्हा पगार दर महिन्याला हातात पडेलच असं नाही.

एकट्या ताईंनी याबद्दल कोणाला विचारायचं? त्यासाठी संघ. आपल्या दहा-बारा जणींचा गट, गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ असतो ना? तशीच ही उतरंड आहे: जिल्ह्याचा ग्रंथालय संघ, वर विभागाचा, त्यावर राज्याचा. या संघांना कायद्यातच जागा दिलेली आहे. याशिवाय दुसऱ्या प्रकारच्या संघटना आहेत, त्यांत ग्रंथालयं नव्हे तर ग्रंथपाल माणसं सभासद असतात. मुंबईत विज्ञान संस्थांतल्या ग्रंथपालांची अशी एक जुनी संघटना आहे, 'बॉस्ला' म्हणतात तिला.

मुंबईला आम्ही गेलो होतो ते सरसच्या प्रदर्शनात माल घेऊन. उतरलो लालबागला, आमच्यातल्या एकीच्या चुलत्यांकडे चाळीत. ताई सोबत होत्या. एक दिवस आम्ही गाळा दोघींवर सोपवला आणि दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात गेलो. ही संस्था १८९८ सालची. स्टेशनपासून पूर्वेला चालत गेलं की नायगावात इमारत लागते. गिरगावात ठाकुरद्वारलाही त्यांची शाखा आहे. ताई कपाटांकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "इथल्या दाखल नोंदवह्या किती असतील हो!" ज्याचं त्याला दिसतं.

चाळीत चुलत्यांनी वेगळीच गोष्ट सांगितली. आपल्यापैकी कित्येकींचे आजोबा, वडील परळ-लालबागच्या गिरण्यांत होते. त्या कामगारांसाठी ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली. रात्रशाळा चालवल्या, मोफत वाचनालयं उघडली. पाळीवरून सुटलेला माणूस वाचनालयात येईलच असं नाही, म्हणून पुस्तकं पेटीत भरून वस्तीत फिरवली. आपले फिरते ग्रंथालय म्हणतात ते हेच. त्याच जोशींनी पुढे कामगारांची संघटनाही बांधली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्याच चाळीत, खालच्या मजल्यावर, आम्हाला एक निवृत्त ग्रंथपाल बाई भेटल्या. चर्चगेटच्या एसएनडीटी विद्यापीठात १९६१ पासून ग्रंथालयशास्त्र शिकवतात, तिथे त्या शिकल्या. परळच्या एका रुग्णालयाच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि काही वर्षं ग्रंथपालांच्या संघटनेच्या मुंबई विभागाचं काम पाहिलं. त्यांनी चहा टाकला आणि ताईंना समोर बसवलं.

"भाषणाचं काय घेऊन बसलीस," त्या म्हणाल्या. "भाषण वर्षातून एकदा, अधिवेशनात. बाकीचे दिवस वही."

त्यांची वही त्यांनी दाखवली. पानापानावर एकेका ग्रंथालयाचं नाव. किती माणसं कामाला, ग्रंथपालनाचा प्रमाणपत्र वर्ग कोणाचा झाला, कोणाचा राहिला, अनुदानाचा हप्ता कधी आला, तपासणी कधी झाली. कचेरीत जाऊन 'पैसे मिळत नाहीत हो' म्हटलं की 'बघतो' असं उत्तर येतं. नावं आणि तारखा लिहिलेली यादी टेबलावर ठेवली की तिच्यावर पोच द्यावी लागते. पोच जपून ठेवायची, पुढच्या खेपेला तीच दाखवायची. हे काम मानधनाशिवाय. लोकलचं भाडंही पदरचं.

आम्ही विचारलं, चुकलात कधी? त्या हसल्या. पहिल्याच वर्षी त्यांनी मोठ्या हौसेने मेळावा ठेवला, तो बुधवारी, फोर्टात. पाहुणे आले, हार आले, खुर्च्या निम्म्या रिकाम्या. गावाकडच्या ग्रंथपाल सकाळी मजुरीला जातात, संध्याकाळी वाचनालय उघडतात. बुधवारचा रोज बुडवून मुंबईला कोण येणार? पुढच्या वर्षी रविवार धरला आणि एसटी स्टँडजवळची शाळा घेतली. मागे उभं राहायला जागा उरली नाही.

आम्हाला सर्वांत पटलं ते पुढचं. सरकारकडे मागणं सोपं, त्या म्हणाल्या, आपल्याच माणसांना खरं सांगणं अवघड. २०१२ साली राज्यभर ग्रंथालयांची तपासणी झाली. कित्येक ठिकाणी त्रुटी निघाल्या. त्यानंतर बरीच वर्षं नव्या ग्रंथालयांना मान्यता आणि जुन्यांना वरचा वर्ग मिळणं थांबलं. ज्यांच्या वह्या नीट होत्या तेही अडकले. म्हणून संघाच्या बाईने 'पगार वाढवा' म्हणताना आपल्या सभासदाला 'देवघेव वही रोज लिही' हेही सुनवायला हवं. त्याने राग येतो, मतं जातात. जाऊ देत. हे आमचं मत. गटात हप्ता थकवणारीला आपण बोलतोच ना?

मद्रासकडे एस. आर. रंगनाथन नावाचे मोठे ग्रंथपाल होऊन गेले. १२ ऑगस्टला, त्यांच्या जन्मदिवशी, ग्रंथपाल दिन पाळतात. १९२८ साली तिथे ग्रंथालय संघ निघाला, ते त्याचे चिटणीस झाले. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगणारं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक १९३१ मध्ये त्याच संघाने छापलं. आणि त्याच साली तंजावरकडच्या मन्नारगुडीत पुस्तकं बैलगाडीत घालून खेडोपाडी नेली. परळला पेटी, मन्नारगुडीला बैलगाडी. अमेरिकेत असा संघ १८७६ मध्ये निघाला तेव्हा जमलेल्या १०३ जणांत बाया फक्त १३. अध्यक्षपदावर बाई यायला १९११ साल उजाडलं. आपल्याकडे वाचनालयाच्या टेबलामागे बाई बऱ्याच ठिकाणी दिसते. कार्यकारिणीच्या यादीत ती कितव्या नंबरला आहे, तेवढं तुमच्या जिल्ह्यात विचारून बघा.

येताना एसटीत ताई बराच वेळ गप्प होत्या. साताऱ्याच्या अलीकडे म्हणाल्या, "वही तर मी घालीन. पण बैठकीला जिल्ह्याला जायचं म्हणजे येऊन-जाऊन भाडं, आणि वाचनालय कोण उघडणार?"

गेल्या मंगळवारी हा विषय गटाच्या बैठकीत घेतला. एक जण म्हणाली, हे गटाचं काम नाही. तिचंही अगदी चूक नव्हतं, गटाचा पैसा तो गटाचा. शेवटी असं ठरलं की भाडं गटातून नाही, ज्यांची मुलं वाचनालयात बसतात त्या सात जणींनी दर बैठकीला दहा-दहा रुपये काढायचे. बैठकीच्या दिवशी वाचनालय उघडायला दोघी तयार झाल्या. देवघेव वही कशी लिहायची ते ताई त्यांना येत्या रविवारी शिकवणार आहेत. अर्ज भरायची मुदत त्यानंतर पाच दिवसांनी संपते. ताईंनी अर्ज आणून ठेवलाय, सही अजून केलेली नाही.