'हुइ-गान': पर्वतीय हिरव्या चहाची चव आणि तिचे शब्द

चिनी हिरव्या चहाचा पहिला घोट घेणाऱ्या मराठी माणसाचा अभिप्राय बहुधा एका शब्दात आटोपतो. तो शब्द 'कडू' तरी असतो किंवा 'पानचट' तरी. दूध-साखर घालून उकळलेल्या चहावर वाढलेल्या जिभेला याहून अधिक काही जाणवू नये, यात नवल नाही. परंतु हा उणेपणा केवळ जिभेचा आहे की शब्दसंग्रहाचाही, हा प्रश्न अर्थविचाराच्या अभ्यासकाने सोडून द्यावा असा नाही. चिनी भाषेतील आस्वादविषयक लेखन मराठीत आणू पाहणाऱ्यास तो पहिल्याच पानावर अडवतो.

उदाहरणादाखल लूशान पर्वतावरील 'युन्वू', म्हणजे 'मेघ-धुके', या नावाचा चहा घ्यावा. जिआंग्शी प्रांताच्या उत्तरेस, यांगत्से नदी आणि पोयांग सरोवर यांच्या लगत हा पर्वत उभा आहे; त्याचे सर्वोच्च शिखर १,४७४ मीटर उंचीचे आहे. जवळच्या पाण्यामुळे तेथे धुके दाट व वारंवार असते. चहाच्या मुळांत तयार होणारे थिआनिन हे द्रव्य कोवळ्या पानांत येते आणि प्रखर उन्हात त्याचा काही भाग कॅटेचिन या तुरट द्रव्यांच्या घडणीत खर्ची पडतो. धुके व थंडी यांमुळे ही क्रिया मंदावते. 'काओशान', म्हणजे उंच पर्वत, हे विशेषण चहाच्या नावाआधी लागते तेव्हा त्यात व्यापाऱ्याची स्तुती असतेच. पण ती सर्वस्वी पोकळ नसते.

व्यावसायिक परीक्षकाची रीत घरगुती रीतीहून वेगळी, किंबहुना काहीशी निष्ठुर आहे. घरी असा चहा ८० ते ८५ अंशांच्या पाण्यात घालावा असे सांगतात. परीक्षक मात्र उकळतेच पाणी ओततो, कारण त्याला दोष लपू द्यायचे नसतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चिनी राष्ट्रीय मानकानुसार ३ ग्रॅम चहा १५० मिलिलिटर पाण्यात ४ मिनिटे ठेवतात. मग कोरड्या पानाचे रूप, अर्काचा रंग, सुवास, चव आणि तळाशी उरलेले पान यांना गुण देतात. उत्तम प्रतीच्या हिरव्या चहात चवीच्या वाट्याला शंभरांपैकी ३० गुण येतात.

या चवीच्या वर्णनात 'हुइ-गान' हा शब्द येतो. 'हुइ' म्हणजे परतणे आणि 'गान' म्हणजे माधुर्य. घोट प्रथम किंचित कडवट-तुरट लागतो. गिळल्यानंतर काही क्षणांनी घशाकडून गोडवा येऊ लागतो. आठव्या शतकात लू यूने आपल्या चहाविषयक ग्रंथात ओठांशी कडू व घशाशी मधुर असणे हेच चहाचे लक्षण मानले होते. गोडासाठी रोजच्या चिनी बोलण्यात 'थ्येन' हा निराळा शब्द आहे. साखर 'थ्येन' असते. 'गान' हा जुना, भारदस्त शब्द होय. मराठीतील 'गोड' आणि 'मधुर' यांच्यातील अंतर येथे आठवावे.

तुरटपणाची स्थिती याहून कुतूहलजनक आहे. भारतीय षड्रसांत कषाय हा स्वतंत्र रस आहे. चिनी परंपरेच्या पाच चवींत, म्हणजे आंबट, कडू, गोड, तिखट व खारट यांत, त्याला स्थान नाही. त्यासाठीचा 'सअ' हा शब्द मात्र भाषेत आहे. कॅटेचिने लाळेतील प्रथिनांशी जखडतात व तोंडाचा ओशटपणा हरपतो, म्हणून आजचे शरीरशास्त्र तुरटपणाला बहुतांशी स्पर्शसंवेदना समजते. यावरून प्राचीन चिनी विचारवंतांना द्रष्टे ठरविण्याचे कारण नाही. वर्गीकरणे भाषेगणिक भिन्न असतात, एवढेच यातून दिसते. खुद्द मराठीतही 'कडू' हा शब्द ज्या 'कटु'पासून आला, त्याचा अर्थ संस्कृत रसविचारात तिखट असा होता.

तथापि 'हुइ-गान'चा अनुभव मराठी माणसाला परका नाही. आवळा खाऊन वर पाणी प्यावे, की ते गोड लागते. हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. याच आवळ्याचे चिनी नाव 'यू-गान-त्स' असे आहे. त्यातील 'यू-गान' म्हणजे मागे उरणारे माधुर्य, आणि तेथील 'गान' तोच. अनुभव दोन्हीकडे आहे. चिनी भाषेने त्याला नाव दिले, मराठीने दिले नाही.

म्हणून 'पश्चात्-माधुर्य' अशी संज्ञा घडवावी काय? तसे करता येईल, पण ती कोशातच राहण्याचा संभव अधिक. 'हुइ-गान'मध्ये एक क्रियापद दडलेले आहे. ते पदार्थाच्या गुणापेक्षा तोंडात घडणाऱ्या घटनेचे नाव आहे. घटनेसाठी मराठीजवळ 'लागणे' हे क्रियापद तयारच आहे. 'चहा कडू आहे' आणि 'चहा कडू लागतो' या वाक्यांत दुसरे चाखणाऱ्याला आत घेते. 'आधी तुरट लागतो, मागाहून गोड लागतो' हे भाषांतर नामाऐवजी वाक्य वापरते आणि एका शब्दाच्या जागी सहा खर्चते. परंतु त्यात घोटातील काळाचा क्रम शाबूत राहतो, जो 'पश्चात्-माधुर्या'त गोठून जातो.