परतीची तारीख : मनाने अस्वस्थ किशोरांच्या संगोपनाविषयी काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘नीट वागला नाहीस तर रिमांड होममध्ये नेऊन टाकीन’ हे वाक्य एकदाही कानावर न पडता मोठा झालेला मुलगा आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत क्वचितच सापडेल. बोलणाऱ्याला ते रिमांड होम नेमके कोठे आहे हे ठाऊक नसते, ऐकणाऱ्याला तेथे काय चालते याची कल्पना नसते, आणि तरीही त्या दोन शब्दांची जरब पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली आहे. ज्या मुलाचे वर्तन घराला आवरत नाही, अगर ज्या मुलीचे मन अकस्मात काळवंडून जाते, त्यांचे पुढे काय करावयाचे, या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा स्थळाच्या भाषेत शोधतो : याला कोठे ठेवावे, हिला कोठे धाडावे? वास्तविक विचारावयाचा प्रश्न निराळा आहे, आणि त्याकडे वळण्यापूर्वी वाटेत आडवे येणारे काही समज दूर सारणे अगत्याचे आहे.

गैरसमज पहिला : हा आजार कसला, हा तर वळण नसल्याचा परिणाम!

वस्तुस्थिती : नववीतला एक मुलगा डोळ्यांपुढे आणावा. पुस्तक उघडे आहे, पण तासाभरात पान उलटलेले नाही. आजीने दुसऱ्यांदा जेवायला हाक मारली तेव्हा त्याने वाटी भिरकावून दिली. रात्री दोन वाजता तो जागा असतो आणि सकाळी शाळेच्या वेळेला त्याला उठवत नाही. घरातील वडीलधारी माणसे याला माज म्हणतात, आणि वाटी भिरकावली गेली असल्यामुळे त्यांचे म्हणणे सकृद्दर्शनी रास्तही वाटते. परंतु प्रौढ माणसाचे औदासीन्य जसे आसवांच्या वाटेने बाहेर पडते, तसे किशोराचे पडेलच असे नाही. या वयात ते पुष्कळदा चिडखोरपणाचे रूप घेऊन येते, आणि त्यामुळे ज्याला धीर द्यावयाचा त्याला आपण शिक्षा देऊन बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढपणी आढळणाऱ्या मानसिक विकारांपैकी सुमारे निम्म्यांचा आरंभ वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत झालेला असतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले, आणि उपचारांची गरज असलेल्या किशोरांची देशातील संख्या सुमारे ९८ लाख असावी असा अंदाज त्यावरून बांधण्यात आला. मुलगे आणि मुली यांच्या प्रमाणात फारसा फरक दिसला नाही. इतक्या मुलांना केवळ वळण लावावयाचे राहून गेले, असे म्हणणे हा पालकांवरही अन्याय आहे.

याचा अर्थ प्रत्येक हट्ट हा विकार असतो असा मात्र नव्हे. वर्तनातला बदल किती आठवडे टिकला, तो घरातच दिसतो की शाळेत आणि मैदानावरही, आणि झोप, भूक व अभ्यास यांना त्याने किती ग्रासले, यांचा तपास करूनच तज्ज्ञ निदान करतो. कित्येकदा त्या तपासात अध्ययन-अक्षमतेसारखे कारण निघते, आणि वर्षानुवर्षे ‘ढ’ आणि ‘व्रात्य’ या दोन शिक्क्यांखाली दबलेले मूल नीट वाचता-लिहिता येत नसल्यामुळे वर्गात दंगा करीत होते, असा उलगडा होतो.

गैरसमज दुसरा : रिमांड होम म्हणजे मुलांचा तुरुंग, तेथे चार दिवस ठेवले की डोके ठिकाणावर येते.

वस्तुस्थिती : या समजाला इतिहासाचा आधार नाही असे म्हणता येणार नाही. मुंबईची डेव्हिड ससून औद्योगिक शाळा १८५७ साली निघाली ती बालगुन्हेगारांना सुधारण्यासाठी. १९२४ साली मुंबई इलाख्यात मुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला. आणि डोंगरी येथील मुलांचे गृह ज्या आवारात आहे ते आवार मुळात उमरखाडीच्या जुन्या कारागृहाचे. भिंती तुरुंगाच्या असल्यावर लोकांच्या मनातही तुरुंगच उभा राहिला, यात नवल नाही.

परंतु आज अमलात असलेल्या २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात ‘रिमांड होम’ या नावाची वास्तूच नाही. ज्या मुलावर कायदा मोडल्याचा आरोप आहे त्याची चौकशी बाल न्याय मंडळापुढे चालते, आणि त्या मुदतीत जरूर पडल्यास त्याला निरीक्षणगृहात ठेवतात. ज्याला काळजी आणि संरक्षण यांची गरज आहे ते मूल बालकल्याण समितीपुढे येते, आणि समितीच्या हुकमाने, अन्य मार्ग नसल्यास, बालगृहात जाते. कोणाही पालकाने वैतागून मुलाचे मनगट धरावे, दारावरच्या शिपायाच्या हवाली करावे आणि पावती घेऊन परतावे, अशी सोय त्या कायद्यात नाही. समिती आधी परिवीक्षा अधिकारी अगर समाजसेवक यांच्याकडून घराची कैफियत मागविते, मुलाचे म्हणणे ऐकते, आणि मगच निर्णय देते. याच अधिनियमाने आपल्या मूलभूत तत्त्वांत एक तत्त्व असे घातले आहे की, मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय समजावा. धमकी देणाऱ्या बापाच्या तोंडी जो पहिला उपाय असतो, तो कायद्याच्या यादीत शेवटचा आहे.

गैरसमज तिसरा : एकदा मनोरुग्णालयात घातले की मूल कायमचे आत गेले.

वस्तुस्थिती : ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार ठिकाणांची नावे आपल्या बोलीत चेष्टेच्या आणि भीतीच्या शब्दांसारखी रुळली आहेत, आणि १९१२ च्या जुन्या कायद्याच्या अमदानीत या भीतीला काही कारणही होते. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, जो पुढील वर्षी अमलात आला, त्याने मात्र अल्पवयीन मुलाच्या दाखल्याभोवती जे कुंपण घातले आहे ते मुलाला आत डांबण्यासाठी घातलेले नाही. रुग्णालयाच्या हाती निरंकुश अखत्यार राहू नये यासाठी ते आहे.

अठरा वर्षांखालील मुलाला अपवादात्मक परिस्थितीतच दाखल करता येते. त्यासाठी पालकाने, म्हणजे कायद्याच्या भाषेत नामनिर्देशित प्रतिनिधीने, अर्ज करावा लागतो. दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, अगर एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा पात्र वैद्यकीय वा मानसिक आरोग्य व्यावसायिक यांनी, मुलाला स्वतंत्रपणे तपासून दाखल करणे आवश्यक आहे असे ठरवावे लागते. आणि रुग्णालयाबाहेरचे, समाजात राहून करावयाचे उपाय फसले आहेत अगर ते उघडपणे अयोग्य आहेत, हेही दिसावे लागते. मुलाला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते. दाखल असेपर्यंत पालक अगर त्याने नेमलेले माणूस मुलासोबत राहते, आणि मुलगी असून पालक पुरुष असेल तर स्त्रीची सोबत सक्तीची आहे. ७२ तासांच्या आत मुलाला दाखल केल्याची खबर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे गेली पाहिजे. वास्तव्य ३० दिवसांपर्यंत लांबले तर मंडळाने पुन्हा सारे प्रकरण तपासले पाहिजे. आणि पालकाने ‘आता मुलाला घरी नेतो’ असे म्हटले, तर मुलाला सोडावेच लागते. दाखल्याच्या पहिल्या कागदापासूनच परतीचा रस्ता आखून ठेवणारा हा कायदा आहे, आणि ज्यांच्या मुलांसाठी तो झाला त्या पालकांपैकी फार थोड्यांनी तो ऐकलेला आहे, ही खेदाची गोष्ट होय.

गैरसमज चौथा : घरापासून जितके लांब, तितके बरे, बोर्डिंगात टाका, सुधारेल.

वस्तुस्थिती : निवासी संस्था निरर्थक असते असे आमचे म्हणणे नाही. ज्या घरात मारहाण आहे, जेथे बाप व्यसनाधीन असून आई रात्रपाळीला जाते, अगर जेथे मुलाच्या जिवालाच धोका आहे, तेथे काही काळ वेगळे छप्पर ही गरज असते. परंतु औषधाला जशी मात्रा असते तशीच ती संस्थेलाही असते : किती, किती दिवस, आणि कशासाठी, हे आधी ठरले नाही तर तेच औषध बाधते. रुमेनियातील बुखारेस्ट शहरी २००० साली सुरू झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात अनाथाश्रमांतील १३६ लहानग्यांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले गेले. एक गट तेथेच राहिला आणि दुसऱ्याला पालककुटुंबे मिळाली. पुढील वर्षांत कुटुंबांत वाढलेल्या मुलांची बुद्धी आणि माणसांशी जडलेला जिव्हाळा ही दोन्ही अधिक चांगली दिसली. ती मुले तान्ही होती, किशोर नव्हती, हे खरे. परंतु पंधरा वर्षांच्या मुलालाही घराची जागा केवळ खाटेने आणि खाणावळीने भरून काढता येत नाही, हे सांगायला अभ्यासाची गरज पडू नये. शिवाय सारखेच बिथरलेले पंचवीस मुलगे एका छपराखाली आणि एका कंटाळलेल्या पहारेकऱ्याच्या देखरेखीखाली ठेवले, तर ते परस्परांकडून काय शिकतील याचा अंदाज कोणालाही बांधता येईल.

चांगली संस्था ओळखावयाची खूण इमारतीत शोधू नये. ती दप्तरात शोधावी. रात्री गृहमाता आपल्या नोंदवहीत लिहिते : अमका साडेबाराला झोपला, परवा एकला झोपला होता, तमक्याने आज अर्धी भाकरी ठेवली, आईचा फोन आला नाही म्हणून, दोघांचे भांडण झाले, दोघेही आपण होऊन बोलले. डॉक्टर आठवड्यातून एकदा तपासतो तेव्हा औषधाची मात्रा वाढवावी की उतरवावी, हे याच चार ओळींवरून ठरते. प्रत्येक मुलाचा स्वतंत्र काळजी-आराखडा असावा, आणि त्यात समुपदेशन, शिक्षण, करमणूक आणि जरूर तर व्यसनमुक्ती यांचा समावेश व्हावा, असा बाल न्याय कायद्याचाही दंडक आहे. तो आराखडा कपाटात पडून राहिला, की संस्थेचे गोदाम होते.

गैरसमज पाचवा : आवरत नसेल तेव्हा बांधून ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

वस्तुस्थिती : तामिळनाडूतील येरवाडी या गावी ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे एका आश्रयस्थानाला आग लागली, आणि साखळदंडांनी जखडलेली २८ माणसे जळून मेली. ज्यांनी त्यांना तेथे आणून ठेवले होते ते त्यांचे वैरी नव्हते. तेथील दर्ग्याच्या कृपेने बरे वाटेल या श्रद्धेने आलेले ते नातलग होते. २०१७ च्या अधिनियमाने मानसिक आजार असलेल्या कोणाही माणसाला साखळीने बांधण्याची पूर्ण मनाई केली आहे आणि एकांत कोठडीही निषिद्ध ठरविली आहे. शारीरिक निर्बंध घालावयाचा तो केवळ तात्काळ आणि समोर उभा असलेला अपाय टाळण्यासाठी, दुसरा उपाय उरला नसेल तेव्हा, आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने. आपल्या महाराष्ट्रात तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार, भूत उतरविण्याच्या बहाण्याने माणसाला दोराने वा साखळीने बांधून मारहाण करणे हा गुन्हा आहे. ‘बाहेरची बाधा’ झाली म्हणून मुलीला भगताकडे नेणाऱ्या कुटुंबाची श्रद्धा हा त्याचा खासगी प्रश्न असेल. तिच्या अंगावरचे वळ हा सरकारी तपासाचा प्रश्न आहे.

गैरसमज सहावा : घरी ठेवून उपचार म्हणजे उपचार न करणेच.

वस्तुस्थिती : समाजाधारित सेवा हे शब्द ऐकावयास सौम्य, परंतु त्यांमागचे काम निवासी संस्थेपेक्षा कमी कष्टाचे नाही. १९८२ साली देशाचा मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला. १९९६ पासून त्याची जिल्हावार अंमलबजावणी सुरू झाली, ती एवढ्याचसाठी की रुग्णाला दूरच्या शहरापर्यंत जावे लागू नये. त्याच वर्षी गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने दाखवून दिले की मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना व्यवस्थित शिक्षण आणि तज्ज्ञांची देखरेख मिळाली, तर ती परिणामकारक समुपदेशन करू शकतात. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही दूरध्वनीसेवा अहोरात्र आणि विनामूल्य चालू आहे, आणि संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. ज्या घरांना पैशाअभावी मूल संस्थेत सोडावेसे वाटते, त्यांच्यापैकी पात्र कुटुंबांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. तिच्याखाली मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. रक्कम मोठी नाही. तथापि मूल नातलगांच्या ओसरीवर वाढावे की परक्या खाटेवर, हा निर्णय कित्येक घरांत एवढ्याच रकमेवर अडलेला असतो.

अठरावे वर्ष संपले की सारे संपले, असाही एक समज आहे. तोही खरा नाही : संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणाला २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाचे साहाय्य देण्याची तरतूद बाल न्याय कायद्यात आहे.

आता वाचकाला एक विनंती. मुलाला कोठेही धाडावयाची वेळ आलीच, तर संस्थेची बाग आणि संगणककक्ष पाहून भुलू नये. नोंदणीचा दाखला मागावा. मानसोपचारतज्ज्ञ कोण आणि किती दिवसांनी येतो ते विचारावे. भेटीला केव्हाही येऊ देतात काय, मुलाला घरी फोन करता येतो काय, शाळा चालू राहील काय, याची खातरजमा करावी. काळजी आणि संरक्षण यांची गरज असलेल्या मुलांना नोंदणीवाचून ठेवणाऱ्या संस्थेच्या चालकाला एक वर्षापर्यंत कैद अगर किमान एक लाख रुपये दंड, अगर दोन्ही होऊ शकतात, हेही ध्यानात असू द्यावे. आणि सगळ्यात शेवटी, सही करण्यापूर्वी, अधीक्षकाला एकच प्रश्न विचारावा : हे मूल घरी केव्हा यायचे? ज्या संस्थेपाशी या प्रश्नाचे उत्तर तयार नसेल, तेथून मुलाचा हात धरून त्याच पावली परत फिरावे.