शून्याचे घर

दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडे नावे पुष्कळ. बळीची प्रतिपदा, व्यापाऱ्यांचे नवे वर्ष आणि बायकोने नवऱ्याला ओवाळून ओवाळणी वसूल करण्याचा दिवस! पण या तिथीला आणखी एक नाव आहे, आणि ते आपण मुलांसमोर जरा हळू आवाजात घेतो. ते म्हणजे द्यूतप्रतिपदा. या दिवशी शंकर-पार्वती सारीपाट खेळले आणि शंकर हरले, अशी कथा. तेव्हापासून पाडव्याला चार डाव टाकायला धर्माचीच परवानगी मिळाली. परवानगी मिळाली की माणूस चारावर थांबत नाही, हेही तेव्हापासूनच!

माझी सासरवाडी उजनी धरणाच्या काठी, करमाळा तालुक्यात. १९८० साली धरण पूर्ण झाले, जुने गाव पाण्याखाली गेले. आता आहे ते नवे गावठाण. इकडे केळी, तिकडे ऊस आणि समोर समुद्रासारखे पसरलेले भीमेचे पाणी. गेल्या दिवाळीत या घरात सोंगट्यांऐवजी एक विलायती पाहुणा आला. रुलेट! तोही घरी बनवलेला.

त्याला कारण होते. भावकीतल्या एका तरुणाने उसाच्या बिलाचे पैसे मोबाइलवरच्या चक्रीत घालवले होते. केंद्र सरकारने २०२५ साली कायदा करून पैशांच्या अशा ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. पण गेलेले पैसे गेलेच. घरात त्याला उपदेश करून सगळे थकले होते. उपदेश तर ऋग्वेदापासून चालत आला आहे. अक्षसूक्तातल्या जुगाऱ्यालाही शेवटी ‘फासे सोड आणि शेती कर’ असेच सांगितलेले आहे. आमच्या या तरुणाला शेती होती, ती तो करीतही होता. तेव्हा मी म्हटले, “उपदेश पुरे. हे यंत्र चालते कसे ते तरी पाहू. चल, आपणच एक चक्री बनवू.”

रुलेट म्हणजे फ्रेंच भाषेत ‘छोटे चाक’. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये ते फिरू लागले आणि पुढे माँटे कार्लोच्या जुगारगृहाने त्याला जगभर नाव मिळवून दिले. महाराष्ट्रातही १९७६ साली कॅसिनोसाठी कायदा झाला होता. तो अमलात कधी आलाच नाही आणि २०२३ साली रद्द झाला. तेव्हा आम्हांला नमुना पाहायला मिळाला तो फक्त चित्रात.

चाकाला घरे सदतीस. एक ते छत्तीस आणि एक शून्य. अठरा आकडे लाल, अठरा काळे. शून्य तेवढे हिरवे. आता वर्तुळाचे सदतीस सारखे भाग करायचे कसे? कोनमापक येथे हात टेकतो. पण युक्ती सोपी आहे. १४८ सेंटिमीटर लांबीची कागदाची पट्टी घेतली, तिच्यावर चार-चार सेंटिमीटरवर खुणा केल्या; झाले सदतीस भाग. ही पट्टी ज्याच्या कडेला बरोबर बसेल अशी, सुमारे ४७ सेंटिमीटर व्यासाची प्लायवूडची तबकडी सुताराने कापून दिली. मोटारसायकलच्या चाकातले जुने बेअरिंग मधोमध बसवले. घरांच्या भिंती बांबूच्या कामट्यांच्या.

उतरती कड कोठून आणायची? लग्नकार्यात कणीक मळायची मोठी परात माळ्यावर होती. तिच्यात ही तबकडी अशी बसवली की भोवताली गोटी अडकणार नाही एवढीच फट राहावी. परातीला भोक पाडायला मात्र सासूबाईंनी साफ नकार दिला. “पाहुणं, चाक फिरवा न्हाईतर इमान उडवा, परात माझी हाय!” तेव्हा बेअरिंगखाली जड लाकडी ठोकळा ठेवून भागवले. चाक एका दिशेने फिरवायचे आणि गोटी परातीच्या कडेवरून उलट्या दिशेने सोडायची. ती घरंगळत, कामट्यांवर आपटत एका घरात जाऊन बसते.

चाक झाले म्हणजे खरे झाले असे नाही. माझ्या मेहुण्याच्या मुलीने वही घेतली आणि ३७० फेऱ्या टिपल्या. हिशेबाने प्रत्येक आकडा दहाच्या आसपास यायला हवा. येथे सतरा हा आकडा चोवीस वेळा आला! जॅगर नावाच्या यॉर्कशायरच्या कापडगिरणीवाल्याने माँटे कार्लोत आकडे असेच टिपून कलते चाक हुडकले आणि मोठी रक्कम मारली होती. आम्ही पाणसळ लावली, ठोकळ्याखाली जाड कागदाची घडी सारली. सतराची मिरास संपली.

पाडव्याच्या रात्री हिरव्या खणाच्या कापडावर खडूने आकडे आखून खेळ मांडला. पैसा एकही नाही. प्रत्येकाला पन्नास चिंचोके. आणि बँकेच्या डब्यापाशी बसवले त्या तरुणालाच. नियम जगभराचेच. एका आकड्यावर लावले आणि तो आला, तर लावलेला चिंचोका परत आणि वर पस्तीस. लाल-काळ्याला दामदुप्पट, पण शून्य आले की लाल-काळे दोन्ही बँकेचे.

खेळ रंगला. चार वेळा लागोपाठ काळा आला तेव्हा मेहुण्याने सगळे चिंचोके लालवर लावले. “आता लाल आल्याशिवाय राहत नाही, दाजी!” आला काळाच. १९१३ साली १८ ऑगस्टला माँटे कार्लोत काळा लागोपाठ सव्वीस वेळा आला होता आणि ‘आता लालच’ म्हणणारे भिकेला लागले होते. चाकाला आठवण नसते. आपल्याला असते, हीच अडचण. दोन वर्षे पाऊस गेला की ‘यंदा पडणारच’ असे आपण म्हणतो, तसेच हे.

मध्यरात्रीपर्यंत निम्म्याहून अधिक चिंचोके डब्यात होते. कोणी लबाडी केली नव्हती. मग त्या मुलाने स्वतःच सगळ्या सदतीस घरांवर एकेक चिंचोका ठेवला आणि चाक फिरवले. लावले सदतीस, कोणताही आकडा आला तरी परत मिळणार छत्तीस. एक चिंचोका डब्यात. त्याने पुन्हा फिरवले. पुन्हा एक. शंभरामागे पावणेतीनच्या आतबाहेर. दिसायला किरकोळ, पण प्रत्येक फेरीला, रात्रभर, वर्षभर. अमेरिकेत तर दोन शून्ये असतात आणि हा वाटा सव्वापाचावर जातो.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, हे चाक निदान समोर तरी हाय. मोबाइलमध्ये शून्य किती होती ते कुणी मोजलं?”

“शेती तरी काय वेगळी?” मेहुणा म्हणाला. उजनीकाठी हा प्रश्न थट्टेचा नाही. येथे धरणाचे आकडेही शून्यापाशी थांबत नाहीत. भरले की ते १११ टक्के म्हणतात, आणि मृतसाठ्यातले पाणी उपसायला लागले की वजा. २०२४ च्या उन्हाळ्यात आकडा वजा पन्नासाच्याही खाली गेला आणि पाण्याखालचे पळसदेवचे देऊळ उघडे पडले. त्या वर्षी काठावरच्यांनी पाण्यामागे पाइप किती लांबवले ते मेहुण्याला ठाऊक होते.

पण उत्तर त्या मुलानेच दिले. “तिथं पाइप तरी लांबवता येतो, तात्या. इथं काय लांबवणार?”

जत्रेतल्या चक्रीपासून मोबाइलपर्यंत सगळ्या खेळांत दैव असते, पण शून्य कोणाच्या मालकीचे, हे विचारायला हवे. घरात मुले असतील त्यांनी असे चाक एकदा अवश्य बनवावे. खर्च फार नाही. चिंचोके मात्र मोजून द्यावेत आणि बँक मुलांकडे द्यावी.

आमचे चाक पुन्हा माळ्यावर गेले आहे. परात सासूबाईंनी घासून घेतली. डब्यातले चिंचोके त्यांनी भिजत घातले. घोंगडीला खळ द्यायची होती.