निद्रेच्या उंबरठ्यावरील दृश्यभास : स्वरूप, कारणमीमांसा आणि वैद्यकीय सल्ल्याची आवश्यकता

दिवा मालवून डोळे मिटल्यानंतर आणि प्रत्यक्ष झोप लागण्यापूर्वी अनेक व्यक्तींना मिटलेल्या पापण्यांआड प्रकाशाचे ठिपके, रंगीत ढग, जाळीदार नक्षी, अनोळखी चेहरे, क्वचित एखादा तपशीलवार भूप्रदेशही दिसतो. ही दृश्ये बोलावून येत नाहीत आणि थांबवून थांबत नाहीत. स्वप्नाप्रमाणे त्यांना कथानक नसते. पाहणारा त्यांत सहभागी नसतो, तो केवळ प्रेक्षक असतो. काही क्षणांत ती विरून जातात आणि सकाळी बहुधा आठवतही नाहीत.

हा अनुभव प्रथमच तीव्रतेने आला की मात्र मनुष्य घाबरतो. आपल्याला वेड लागत आहे अशी भीती सुशिक्षितांना वाटते, तर ‘बाहेरचे’ काही लागले असावे अशी शंका घरातील वडीलधाऱ्यांना येते. पहिल्या भीतीपोटी तो कोणाजवळ बोलत नाही आणि दुसऱ्या शंकेपोटी त्याला देवऋषीकडे नेले जाते. याच्या उलट, ‘असे सर्वांनाच होते’ एवढे कोठेतरी वाचून खरोखरीच्या विकाराकडे दुर्लक्ष करणारेही आढळतात. या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. दृश्य किती विचित्र आहे यावरून त्याचे गांभीर्य ठरवले जाते. वास्तविक, ते केव्हा दिसते, एका डोळ्याला की दोन्ही, डोळे उघडल्यावर टिकते की नाही आणि दिवसा त्या व्यक्तीला आणखी काय होते, हे प्रश्न अधिक निर्णायक ठरतात.

संज्ञेचा प्रश्न

फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेड मोरी याने १८४८ साली या अनुभवांना ‘हिप्नॅगॉजिक’ हे विशेषण योजले. ग्रीक भाषेतील ‘झोप’ आणि ‘नेणारा’ या अर्थाच्या शब्दांपासून ते सिद्ध झाले आहे. झोपेतून जागे होतानाच्या तशाच अनुभवांसाठी ‘हिप्नोपॉम्पिक’ हा शब्द पुढे फ्रेडरिक मायर्स याने रूढ केला. मोरीच्याही आधी, १८२६ साली, जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर याने स्वतःच्या अशा दृश्यांची नोंद केली होती. म्हणजे या विषयाचा आरंभ रुग्णांच्या तक्रारींतून नव्हे, तर निरोगी अभ्यासकांच्या आत्मनिरीक्षणातून झाला, ही बाब लक्षणीय आहे.

मराठीत ‘हॅल्युसिनेशन’ या संज्ञेसाठी मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून ‘निर्वस्तुभ्रम’ हा शब्द वापरला जातो. वस्तू नसताना तिचे संवेदन होणे हा त्याचा अर्थ काटेकोर आहे. तथापि ‘भ्रम’ या शब्दाला व्यवहारात ‘भ्रमिष्ट’पणाचा वास येतो. त्यामुळे निद्रापूर्व अनुभवांपुरता ‘भास’ हा सौम्य शब्द अधिक योग्य वाटतो. आपल्या परंपरेत याचे मूळ शोधताना बृहदारण्यक उपनिषदाचा दाखला हटकून दिला जातो. याज्ञवल्क्य तेथे जनकाला स्वप्नावस्थेविषयी सांगताना ती संधिस्थान असल्याचे म्हणतो, हे खरे. पण तो संधी इहलोक आणि परलोक यांमधील आहे, जागृती आणि निद्रा यांमधील नव्हे. शब्दसाम्यावरून आधुनिक शोध प्राचीनांच्या पदरी घालण्याचे प्रयोजन नाही.

मेंदूत काय घडते?

जागेपणी डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या व्यक्तीच्या मेंदूच्या विद्युत्-आलेखात सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांच्या अल्फा लहरी प्रामुख्याने दिसतात. झोप लागू लागताच त्या मोडतात व सेकंदाला ४ ते ७ आवर्तनांच्या थीटा लहरी त्यांची जागा घेतात. डोळ्यांची बुबुळे संथपणे इकडून तिकडे फिरू लागतात. निद्रेची ही पहिली अवस्था सामान्यतः काही मिनिटांचीच असते. येथून जागे केलेली व्यक्ती पुष्कळदा ‘मी झोपलोच नव्हतो’ असे सांगते. निद्रापूर्व भास प्रामुख्याने याच पट्ट्यात येतात. खोल खड्ड्यात पडल्यासारखे वाटून अंगाला बसणारा हिसकाही येथलाच, आणि तोही एरवी निरुपद्रवीच असतो.

मेंदूचे सर्व भाग एकाच वेळी झोपी जात नाहीत. अपस्माराच्या शस्त्रक्रियेपूर्वी तपासणीसाठी मेंदूत विद्युदग्रे बसवलेल्या रुग्णांवरील एका अभ्यासात, जो २०१० साली प्रसिद्ध झाला, असे दिसून आले की इंद्रियांकडून येणारे संदेश पुढे पाठवणारा थॅलॅमस हा भाग मेंदूच्या बाह्यकापेक्षा काही मिनिटे आधीच मंदावतो. बाहेरचे दार बंद झाले आहे, पण आतील कारखाना अद्याप चालू आहे, अशी ती स्थिती होय. दृष्टीशी संबंधित बाह्यक या अवधीत स्वतःच्याच सामग्रीतून चित्रे घडवत असावे, असे स्पष्टीकरण यावरून देता येते.

ही सामग्री कोठून येते, याविषयी रॉबर्ट स्टिकगोल्ड व सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग उद्बोधक आहे. त्यांनी २७ जणांना तीन दिवसांत मिळून सात तास ‘टेट्रिस’ हा संगणकीय खेळ खेळावयास लावले. झोप लागताना वरून खाली पडणारे ठोकळे दिसल्याचे १७ जणांनी सांगितले. या गटात मेंदूच्या इजेमुळे नवी स्मृती साठवू न शकणारे पाच रुग्ण होते. आपण असा खेळ खेळलो हेही त्यांना स्मरत नव्हते; तरीही त्यांच्यापैकी तिघांना तेच ठोकळे दिसले! जाणीवपूर्वक आठवणीच्या साहाय्यावाचून दिवसभराची दृश्ये येथे पुन्हा उमटतात, हे त्यावरून स्पष्ट होते. उत्तरपत्रिका तपासणीच्या दिवसांत रात्री डोळ्यांपुढे हस्ताक्षराच्या ओळी सरकताना दिसल्या, तर प्राध्यापकांनी त्यात काही अघटित मानू नये.

हे अनुभव विरळ नाहीत. मॉरिस ओहायन व सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या ब्रिटनमधील दूरध्वनी-सर्वेक्षणात ४,९७२ व्यक्तींपैकी ३७ टक्के व्यक्तींनी निद्रापूर्व आणि १२.५ टक्के व्यक्तींनी जागे होतानाचे भास सांगितले. अशा आकडेवारीत प्रश्न किती व्यापक विचारला यावर बरेच अवलंबून असते, हे ध्यानात ठेवून ती वाचावी. अपुरी झोप आणि झोपेच्या अनियमित वेळा यांमुळे असे भास वाढतात. परीक्षेच्या काळात वसतिगृहांतील विद्यार्थी त्यांच्याविषयी अधिक बोलू लागले, तर त्याचे कारण दूर शोधावे लागत नाही.

निद्रेचे नव्हे, डोळ्याचे

अंथरुणावर पडल्यावर दिसणारी प्रत्येक गोष्ट झोपेमुळे दिसते असे नाही. कित्येकदा केवळ अंधारामुळे ती लक्षात येते. डोळ्याच्या पोकळीतील जेलीसारखा काचाभ पदार्थ वयोमानाने आक्रसून दृष्टिपटलापासून सुटू लागला, की पटलावर ताण येतो आणि विजेसारखी चमक दिसते. ती बहुधा एकाच डोळ्याच्या कडेला असते आणि नजर वळवताना अधिक जाणवते. अशा वेळी दृष्टिपटल फाटण्याचा व पुढे सुटण्याचा धोका असतो. मोठ्या उणे क्रमांकाचा चष्मा असणारे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले आणि डोळ्याला मार लागलेले यांच्यात तो अधिक असतो. चमकेबरोबर नवे काळे ठिपके अचानक दिसू लागले किंवा दृष्टीच्या एका बाजूवर पडदा ओढल्यासारखी छाया आली, तर सकाळपर्यंत ‘पाहू’ म्हणून थांबणे योग्य नव्हे. पटल केवळ फाटले असेल तर लेसरने ते सांधता येते. ते सुटल्यानंतर मात्र शस्त्रक्रिया करावी लागते आणि गेलेली दृष्टी पूर्ण परत येईलच असे नाही. येथे मानसोपचारतज्ज्ञाचा नव्हे, तर नेत्रतज्ज्ञाचा दरवाजा ठोठवावयाचा असतो, आणि तोही तत्काळ.

वृद्धांच्या बाबतीत आणखी एक भेद उपयोगी पडतो. स्विस निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने याने १७६० साली आपल्या आजोबांच्या अनुभवांचे वर्णन केले. दृष्टी क्षीण झालेल्या त्या गृहस्थांना माणसे, पक्षी, इमारती दिसत आणि त्या खऱ्या नाहीत हेही त्यांना कळत असे. आज याला ‘शार्ल बोने लक्षणसमूह’ म्हणतात. ही दृश्ये उघड्या डोळ्यांना दिसतात आणि डोळे मिटल्यावर पुष्कळदा नाहीशी होतात. निद्रापूर्व भासांचे नेमके उलट. दृष्टी अधू नसताना जागेपणी माणसे वा प्राणी दिसणे, त्याबरोबर विस्मरण, हालचालींत मंदपणा किंवा झोपेत हातपाय झाडणे आढळल्यास मेंदूविकारतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. वाकड्यातिकड्या तेजस्वी रेषा हळूहळू पसरत वीसेक मिनिटांनी मावळत असतील तर अर्धशिशीचा, आणि तीच रंगीत वर्तुळे काही सेकंद पुनःपुन्हा एकाच जागी दिसत असतील तर अपस्माराचा विचार वैद्यकाला करावा लागतो.

वर्गात झोपणारा विद्यार्थी

महाविद्यालयीन शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा विकार नार्कोलेप्सी हा होय. तो बहुधा किशोरवयात किंवा ऐन तारुण्यात सुरू होतो. १८८० साली फ्रेंच वैद्य जेलिनो याने त्याला हे नाव दिले. सामान्य निद्रेत शीघ्र नेत्रचलनाची, म्हणजे स्पष्ट स्वप्नांची अवस्था सुमारे दीड तासाने येते. नार्कोलेप्सीच्या रुग्णाला ती झोप लागताच येऊ शकते. जाणीव पुरती मालवलेली नसताना स्वप्न सुरू होते. त्यामुळे खोलीत कोणी शिरले आहे, छातीवर बसले आहे असे भास अत्यंत खरे वाटतात. स्वप्नावस्थेत स्नायू शिथिल असतात, म्हणून हलताही येत नाही. अंग असे जखडण्याचा अनुभव निरोगी माणसालाही अधूनमधून येतो आणि आपल्याकडील भुताखेतांच्या कित्येक कथांचा उगम त्यात असावा. या रुग्णांत मात्र त्याच्या जोडीला दिवसा अनावर झोप येते. काहींत हसताना, थट्टा करताना वा राग आला असता गुडघे एकाएकी लुळे पडतात, मान झुकते, हातातील वस्तू गळते. शुद्ध मात्र कायम असते. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात.

या विकाराचे कारण मनोदौर्बल्य नव्हे. जागृती टिकवून धरणारे ओरेक्सिन हे द्रव्य १९९८ साली सापडले, आणि कॅटाप्लेक्सी असलेल्या रुग्णांच्या मेंदूतील ते द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असतात, हे २००० साली उघड झाले. तरीही निदानाला अनेकदा वर्षानुवर्षे विलंब होतो. दरम्यान विद्यार्थी आळशी ठरतो, त्याची उपस्थिती घसरते. भासांचे वर्णन ऐकून त्याला छिन्नमनस्कतेची औषधे सुरू केल्याची उदाहरणेही वैद्यकीय वाङ्मयात आहेत, आणि ती औषधे त्याची झोप आणखी वाढवू शकतात. भास फक्त झोपेच्या काठावरच येतात की भर दिवसा, पूर्ण जागेपणीही येतात, एवढा एक प्रश्न वेळीच विचारला गेला तरी ही चूक पुष्कळ अंशी टळू शकते.

वैद्याकडे जाताना

केवळ झोप लागताना येणारे, डोळे उघडताच जाणारे आणि दिवसाच्या व्यवहारात काही बिघाड न करणारे दृश्यभास असतील, तर औषधाची गरज नसते. झोपेचे तास वाढवणे आणि वेळ नियमित करणे बहुधा पुरते. भीतीमुळे झोपच टाळली जात असेल, दिवसा अनावर झोप येत असेल, जागेपणीही आवाज वा आकृती जाणवत असतील, किंवा एखादे औषध सुरू केल्यानंतर हे सुरू झाले असेल, तर सल्ला घ्यावा. रक्तदाबासाठी वा थरकापासाठी दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल हे याचे एक परिचित उदाहरण. मात्र शंका आली म्हणून औषध परस्पर बंद करू नये. हृदयरोग्याने असे औषध एकाएकी सोडणे धोक्याचे असते, आणि नैराश्यावरील काही औषधे अचानक थांबवल्यास स्वप्ने व भास उलट उसळतात. नियमित मद्यपान एकदम थांबवल्यानंतर दोन-तीन दिवसांत भास, कंप आणि गोंधळ सुरू झाल्यास ती तातडीची अवस्था समजून रुग्णालय गाठावे.

प्रथम कुटुंबाच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाणे सोयीचे. जाण्यापूर्वी दोन आठवडे झोपण्या-उठण्याच्या वेळा, भास केव्हा आला, किती वेळ टिकला, डोळे उघडल्यावर काय झाले आणि चालू औषधे कोणती, ही टिपणे ठेवल्यास तोंडी वर्णनापेक्षा पुष्कळ अधिक माहिती मिळते. घोरण्याविषयी व झोपेतील हालचालींविषयी सोबत झोपणाऱ्याचे सांगणे अधिक विश्वसनीय असते, म्हणून शक्य तर त्यालाही न्यावे. नार्कोलेप्सीचा संशय असल्यास रात्रभर निद्रापरीक्षण करून दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी डुलकी घेण्याची चार-पाच वेळा संधी दिली जाते. सरासरी आठ मिनिटांत किंवा त्याआधी झोप लागणे आणि किमान दोनदा स्वप्नावस्था लगेच येणे हा निदानाचा प्रमुख आधार होय. ही सोय मोठ्या शहरांतील निवडक रुग्णालयांतच असल्याने तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याला तेथवर पोहोचवण्यासाठी पालकांची समजूत घालावी लागते, आणि वर्गात तो झोपतो हे प्रत्यक्ष पाहिलेला शिक्षकच ते काम अधिक खात्रीने करू शकतो.