सांतियागोची लॅम्बोर्गिनी आणि तुमचा दिवाळी सीझन



'गोल' हा फुटबॉलवरचा सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. २००५ साली आला होता. लॉस एंजेलिसमध्ये वडिलांबरोबर लोकांच्या बागा राखणारा मेक्सिकन पोरगा सांतियागो थेट इंग्लंडच्या न्यूकॅसल युनायटेडमध्ये पोचतो. मोटिव्हेशनच्या क्लासमध्ये सगळे हाच भाग दाखवतात. मी मात्र आज त्याचा दुसरा भाग घेऊन आलोय, २००७ चा. सिनेमा म्हणून तो पहिल्यापेक्षा कच्चा आहे, गोष्ट नुसती पळवलीये. पण ज्याचा धंदा आत्ता कुठे चालायला लागलाय, त्याने पहिला नाही, दुसरा बघावा.

यात सांतियागोला स्पेनच्या रेआल माद्रिदचं बोलावणं येतं. बेकहॅम, राउल, कासियास असे खरेखुरे खेळाडू त्याच्या टीममध्ये दिसतात. मोठं घर, लॅम्बोर्गिनी, पार्ट्या, मागे लागलेले फोटोग्राफर, सगळं एकदम अंगावर येतं. लग्न ठरलेली रोझ न्यूकॅसलमध्ये नर्सची नोकरी करतेय, तिच्याशी खटके उडायला लागतात. लहानपणी सोडून गेलेली आई त्याच शहरात सापडते. तिचा धाकटा मुलगा त्याची गाडी पळवतो आणि ठोकतो.

आता यातली एक गोष्ट नीट बघा. माद्रिदमध्ये सांतियागो सुरुवातीला बदली खेळाडू आहे. बाकावर बसायचं, कोच सांगेल तेव्हा उतरायचं. म्हणजे टीममधली जागा अजून पक्की नाही, पण घर आणि गाडी मात्र जागा पक्की झालेल्या माणसाची!

तुम्ही म्हणाल, सर, आमचा आणि लॅम्बोर्गिनीचा काय संबंध? सांगतो.

समजा, तुम्ही घरून चिवडा-चकली करता. महिन्याला दीडशे किलो माल जातो. दिवाळीच्या तोंडावर तुमची एक रील व्हायरल होते. ऑर्डर सहाशे किलोवर. पुण्या-मुंबईहून फोन, लोकल पेपरमध्ये फोटो, नातेवाईक म्हणतात, "आता काय बाबा, मोठी माणसं!" त्या भरात तुम्ही गाळा घेता, भाडं १८,००० रुपये. दोन मदतनीस कायमचे ठेवता, २४,००० रुपये. डिलिव्हरीला गाडी घेता, हप्ता १३,००० रुपये. झाला महिन्याचा ५५,००० रुपयांचा बांधील खर्च. कच्चा माल, पॅकिंग जाऊन किलोमागे ११० रुपये सुटत असतील, तर नुसता हा खर्च भागवायला महिन्याला ५०० किलो विकायला हवेत. दिवाळीत विकलेत. पण डिसेंबरमध्ये? तेव्हा ऑर्डर परत दीडशे-दोनशेवर येते. हप्ता मात्र १३,०००च राहतो. त्याला दिवाळी कळत नाही.

गाडी घेऊच नका असं मी म्हणत नाहीये. पहिल्या भागात सांतियागोने इंग्लंडला जायला साठवलेले पैसे त्याचे वडील न विचारता उचलतात आणि ट्रक घेतात, बागकामाचा स्वतःचा धंदा करायला. थिएटरमध्ये सगळ्यांना त्या बापाचा राग येतो. पोराला विचारलं नाही हे वाईटच. पण ट्रकचा हिशेब म्हणाल तर तो चोख होता. कामं रोजची होती, ट्रकला काम लागणारच होतं. लॅम्बोर्गिनीला काय काम होतं?

माझ्या मते मात्र या भागातलं सगळ्यात महाग नुकसान गाडीचं नाही, ग्लेन फॉयचं आहे. हा ग्लेन म्हणजे सांतियागोला लॉस एंजेलिसमध्ये खेळताना पहिल्यांदा हेरणारा माणूस. न्यूकॅसलमध्ये त्यानेच घरात ठेवून घेतलं, ट्रायलसाठी क्लबशी तोच भांडला. आणि माद्रिदला गेल्यावर सांतियागो त्यालाच बाजूला सारतो. कारण ग्लेन भपकेबाज नाही, आणि तो तोंडावर बोलतो.

धंद्यात हा माणूस कोण असतो माहितीये? कधी तो जुना किराणावाला असतो, जो उधारीवर बेसन देतो आणि म्हणतो, "ताई, यावेळी जरा जास्तच उचलताय." कधी तुमची पहिली गिऱ्हाईक, जी सांगते की चकली मऊ पडली. कधी घरातच असतो. रील चालायला लागली की नेमके यांचेच फोन उचलायचे राहतात, कारण कौतुक करणाऱ्यांची रांग लागलेली असते. आणि कौतुक करणाऱ्याला तुमचा गाळा भाड्याचा आहे की मालकीचा, हेही ठाऊक नसतं.

सीझन अंगावर आला तर काय करायचं, तेवढं सांगतो. गाळ्याऐवजी दोन महिन्यांपुरतं एखाद्या केटररचं किचन दुपारच्या वेळेला भाड्याने मागून बघा, बरेच जण देतात. मदतनीस किलोवर ठरवा. डिलिव्हरीला टेम्पो फेरीवर लावा. किलोमागे खर्च जास्त पडेल, पडू द्या, दिवाळीनंतर तो आपोआप थांबतो. मार्चपर्यंत ऑर्डर टिकली, तर मग गाळा बघू.

तर आज वहीत दोन गोष्टी लिहा. विक्री शून्य झाली तरी दर महिन्याला जाणारे पैसे किती? आणि गेल्या तीन महिन्यांत तुम्हाला "हे चुकतंय" असं कोण म्हणालं, त्याला तुम्ही शेवटचा फोन कधी केला? आकडा कमेंटमध्ये टाका. नाव टाकू नका, त्यांना फोन करा.